बावीस देते

"उज्ज्वला, तुझ्या बाजूची काच बोटभर खाली दिसतेय," मामा आरशातून बघत म्हणाले. "वर कर ती. वारा आत भरला की गाडी ओढली जाते. तुझ्या आण्णांनीच सांगितलंय मला."

मी काच वर केली. एप्रिलची भर दुपार होती आणि आम्ही कराडहून परत येत होतो. एसी बंद होता. नुसता बंद नव्हता, त्याच्या बटणावर मामांनी औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी मारून ठेवली होती, चुकूनसुद्धा कुणाचा हात लागू नये म्हणून. माझ्या शेजारी आत्या बसल्या होत्या. आमच्या भागात सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणतात. आत्यांना दम्याचा त्रास होता, म्हणून महिन्यातून एकदा त्यांना कराडच्या डॉक्टरांकडे न्यावं लागे. ओला नॅपकिन मानेवर ठेवून त्या गप्प बसल्या होत्या. मामा काट्यासारखी सरळ मान धरून, एकाच वेगात गाडी चालवत होते. कडब्यानं भरलेला एक टेंपो आम्हाला मागे टाकून गेला आणि जाताना त्याचा ड्रायव्हर आत डोकावून बघून गेला.

विटा जवळ आलं तसं आत्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मला वाटलं, डोळा लागला असेल. हात धरला तर हात गार पडलेला. मी हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही.

विट्यात एका दवाखान्यात त्यांना सलाईन लावलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, गाडीला एसी नाही का? मामा म्हणाले, "आहे. पण मला अजून गाडी चालवता येत नाही." डॉक्टरांना काही उमगलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. मग मामा बाहेर व्हरांड्यात गेले आणि त्यांनी माझ्या वडिलांना फोन लावला. मला एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं. आधी त्यांनी सलाईनचं सांगितलं, मग आवाज खाली आणून म्हणाले, "आजपण चौदाच्या वर जात नाही असं दिसतंय, पाहुणं. मधे काच थोडी उघडी राहिली होती."

आता ही बावीस आणि चौदाची भानगड सांगायला हवी.

माझे वडील, म्हणजे आण्णा, रंगराव साळुंखे, कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यावर काट्यावर होते. ऊस भरून आलेल्या गाड्यांचं वजन करायचं, एवढंच काम. पण काट्यावरच्या माणसाला शेतकरी जेवढ्या शिव्या देतो तेवढ्या तो सावकारालाही देत नाही. आण्णांना मात्र कुणी कधी शिवी दिली नाही. साळुंखे काट्यावर असले की गाडीवान खाली उतरून आकडासुद्धा बघत नसत, बिडी ओढत बसत. निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशातून त्यांनी नवी पेट्रोल गाडी घेतली. आमच्या चुलत्यांनी डिझेलचीच घे म्हणून डोकं खाल्लं होतं. आण्णांनी कंपनीचं माहितीपत्रक त्यांच्यापुढे टाकलं. त्यात ठळक छापलेलं होतं, लिटरला बावीस आणि वर काही.

माझी सोयरिक ठरायची बैठक झाली ती त्याच महिन्यात. माझे सासरे ज्ञानदेव बाबर आटपाडीकडचे, हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर. खोट्याला त्यांच्याकडे माफी नाही अशी त्यांची ख्याती होती. सख्ख्या भावानं वाटणीच्या वेळी कोर्टात एक खोटी साक्ष दिली, तेव्हापासून हे त्याच्याशी बोलत नव्हते. भाऊ गल्लीत समोर आला तरी हे चष्मा पुसायला लागत. बैठकीत त्यांच्याकडच्या कुणीतरी माझ्या शिक्षणाची, तब्येतीची चौकशी काढली तर त्यांनीच त्याला थांबवलं. म्हणाले, "साळुंख्यांनी सांगितलं ना? मग झालं. यांच्या काट्यावरचं वजन परत करायचं नसतं."

सुपारी फुटली, पेढे वाटले आणि पुरुषमाणसं अंगणात नवी गाडी बघायला गेली. आपल्याकडे नवी गाडी दिसली की पहिला प्रश्न ठरलेला. कितीला घेतली हे नंतर, रंग कुठला मागितला होता हेही नंतर. मामांनी बॉनेटवर हात ठेवला आणि विचारलं, "किती देते?"

"बावीस," आण्णा म्हणाले. "कंपनीनं लिहिलंय त्याला तंतोतंत."

दसऱ्याला मामांनी तीच गाडी घेतली. तीच कंपनी, तोच रंग.

ती चौदा द्यायला लागली. मामांना आधी वाटलं, पंपवाल्यानं फसवलं. मग ते टाकी गळ्यापर्यंत भरून, गाडी हलवून, पुन्हा थोडं भरून हिशेब करू लागले. चौदाच. सर्व्हिसिंगवाल्यांनी सांगितलं, साहेब, गाडी ओके आहे, अ‍ॅव्हरेज चालवणाऱ्यावर असतं. मामांनी माहितीपत्रक काढलं. बावीसच्या डोक्यावर एक बारीक चांदणी होती आणि पानाच्या तळाशी तिचा खुलासा, 'मानक चाचणी परिस्थितीत'. मामांनी तो मला मोठ्यानं वाचून दाखवला आणि अर्थही सांगितला. कंपनी म्हणते बावीस, पाहुणे काढतात बावीस, मग राहिलं काय? परिस्थिती. आणि परिस्थिती म्हणजे मी.

तेव्हापासून त्यांनी स्वतःला सुधारायला घेतलं. आण्णांना दर आठवड्याला फोन. आण्णा दर वेळी काहीतरी सांगायचे. क्लचवर पाय ठेवू नका. एसी लावू नका. काचा बंद ठेवा. वजन कमी करा. मामांनी डिकीतली स्टेपनी काढून घरात ठेवली, आणि त्याच आठवड्यात गाडी पंक्चर झाली. आत्या हसून म्हणाल्या, आता मलाबी घरात ठेवा म्हंजे झालं. पण मामांना हसू येत नव्हतं. चाळीस वर्षं पोरांना नापास करणारा माणूस पहिल्यांदा स्वतः नापास होत होता, आणि तेही व्याह्यांच्या विषयात.

आमचे हे पुण्यात भाड्याची खोली शोधत होते, म्हणून पहिलं वर्ष मी सासरीच होते. हे सगळं मी डोळ्यांनी बघत होते. विट्याहून सलाईन संपवून निघालो तेव्हा मी न राहवून एसीवरच्या पट्टीला हात घातला. आत्यांनीच माझा हात धरला. "नगं बाई," त्या म्हणाल्या. "त्या गार वाऱ्यानं माझा खोकला वाडतो."

पुढच्याच आठवड्यात मी माहेरी गेले. गाडी गोठ्याच्या शेजारी ताडपत्री घालून झाकलेली होती. आईला म्हटलं, काय गं, आण्णा गाडी काढत नाहीत का? आई भाजी निवडत होती. माझ्या आईच्या पोटात कधी काही राहत नाही, तिच्या तोंडाला दारच नाही म्हणा ना. ती म्हणाली, "काढतील कशाला? तेरा देते मेली. तुझ्या काकांना कळलं तर हसतील म्हणून झाकून ठेवलीय."

मी तशीच उठून आण्णांकडे गेले. ते ओसरीवर पेपर वाचत होते. मी विट्याची सगळी गोष्ट पुन्हा सांगितली. आत्यांचा गार हात, डॉक्टरांचा प्रश्न, मामांचं उत्तर. आण्णांनी पेपर खाली घेतला नाही. शेवटी मी विचारलं, "आण्णा, तुमची गाडी किती देते?"

त्यांनी पेपरचं पान उलटलं. मग म्हणाले, "बैठकीत दहा माणसं उभी होती. तोंडातनं गेलं."

"तेव्हा गेलं. नंतर?"

"नंतर त्यांनी गाडी घेतली." त्यांनी पेपराची घडी घातली. "उजू, त्यांनी भावाला सोडलं एका खोट्यापायी. माझा एक शब्द खोटा ठरला तर तुझ्याबद्दल बोललेलेही सगळे खोटे धरतील. झाकली मूठ सव्वा लाखाची, राहू दे."

मला त्यांचा राग आला, त्याहून जास्त त्यांची लाज वाटली. ज्या माणसाच्या शब्दावर गाडीवान बिडी ओढत बसत, तो माणूस माझ्यासमोर पेपराच्या घड्या घालत होता. मी म्हटलं, मुठीत सव्वा लाख नाहीत, माझ्या सासूचा जीव आहे. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. ते म्हणाले, जत्रेला येतोय ना, तेव्हा सांगतो. मी आल्यावर माझ्या तोंडानं सांगतो.

वैशाखात सासरच्या गावची जत्रा असते. घर पाहुण्यांनी भरलं होतं, परड्यात मटणाचं मोठं पातेलं चढलं होतं. आई गुडघ्यांमुळे आली नाही, आण्णा एकटेच एसटीनं आले. गाडी का आणली नाही असं कुणी विचारायच्या आत मामांनीच त्यांना हाताला धरून अंगणात नेलं. तिथं सर्व्हिस सेंटरचा मेकॅनिक आमच्या गाडीचं बॉनेट उघडून बसला होता.

अ‍ॅव्हरेजची तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकासाठी या लोकांकडे एक उपाय असतो. बरोबर एक लिटरची छोटी टाकी बॉनेटखाली जोडतात, मोठ्या टाकीची नळी काढून ठेवतात आणि गाडी पळवतात. लिटर संपलं की गाडी बंद पडते. जिथं बंद पडेल तो आकडा खरा. मामांनी हा घाट खास आण्णांसाठी घातला होता. "आज तुम्ही चालवायची," ते म्हणाले. "मी शेजारी बसून नुसतं बघणार, पाय कुठं ठेवता, गिअर कधी टाकता. विद्यार्थी समजा मला." त्यांचे दोन जुने सोबती, तुपे गुरुजी आणि कोळेकर, विट्याच्या रस्त्यावर बावीस किलोमीटरवरच्या फाट्याला मोटारसायकलनं पुढे गेलेसुद्धा होते. हार घेऊन.

आण्णांना चहा देताना मी हळूच विचारलं, सांगितलंत? त्यांनी अंगणातल्या माणसांकडे डोळ्यानं खूण केली. गाडीत सांगतो म्हणाले, एकटे असलो की. माझा विश्वास बसला नाही. वाटेत पाणी लागेल असं म्हणून मी कळशीभर पाणी घेतलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. आत्या दारात उभ्या होत्या. त्या आण्णांकडे बघत होत्या आणि आण्णा चावीकडे.

गाव सुटलं. आण्णा घसा खाकरून म्हणाले, "पाहुणं, एक सांगायचं होतं."

"आता नको," मामा म्हणाले. "लक्ष चालवण्यावर असू द्या." ते पुढे वाकून आण्णांच्या पायांकडे बघत होते. चष्मा नाकावर घसरला होता. थोड्या वेळानं आण्णांनी पुन्हा तोंड उघडलं आणि मामांनी पुन्हा हात वर केला. वर्गात कुणी मधेच बोललं तर करत असतील तसाच.  काचा बंद, पट्टी जागेवर, आणि आण्णांच्या सदऱ्याची पाठ ओली होत चाललेली.

मधे एक लांबलचक उतार लागतो. तिथं आण्णांचा हात गिअरवर गेला. उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडली की पेट्रोल वाचतं हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मामांचं लक्ष अजून पायांवरच होतं. आण्णांचा हात गिअरच्या मुठीवर क्षणभर राहिला आणि त्यांनी तो परत स्टिअरिंगवर ठेवला. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं की आज ते सांगतील.

उतार संपून सपाटी लागली आणि गाडीनं दोन आचके दिले. आण्णांनी ती कडेला, एका बाभळीखाली घेतली. तिथं ती बंद पडली.

मामांनी आकडा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. "चौदा," ते म्हणाले. "चौदा आणि वर थोडं."

 मग मामा माझ्याकडे वळले आणि त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला तो बघवेना. "उज्ज्वला, बघितलंस? तुझ्या आण्णांच्या हातातही चौदाच. म्हणजे दोष माझ्या हातात नाही." त्यांनी आण्णांच्या मांडीवर थाप मारली. "पाहुणं, मला गाडीच खराब मिळाली. तुमची बावीस देते आणि माझी चौदा, म्हणजे मूळ इंजिनातच खोट. मी उगीच सहा महिने स्वतःला खात बसलो. उद्याच जातो त्यांच्याकडे, बदलून द्या म्हणतो."

आण्णांना आयतीच वाट मिळाली होती. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. मामा कंपनीशी भांडत बसले असते आणि आण्णांचे बावीस जन्मभर शाबूत राहिले असते. मी त्यांच्या मानेकडे बघत होते.

"गाडी चांगली आहे, पाहुणं," आण्णा म्हणाले. "माझी तेरा देते."

मामांना ऐकू आलं नसावं असं वाटलं. मग ते म्हणाले, "आता देत असेल. पहिल्यांदा?"

"पहिल्या दिवसापासून. मी खोटं बोललो."

मामा दार उघडून खाली उतरले आणि बाभळीच्या तोकड्या सावलीत पाठ करून उभे राहिले. आण्णा स्टिअरिंग धरून बसून राहिले, जणू गाडी चालूच आहे. मी दोघांच्या मधे कुठं बघावं मला कळेना, म्हणून कळशीकडे बघत बसले. बऱ्याच वेळानं मामा आले आणि खिडकीशी थांबले.

"त्या दिवशी विट्याहून मी फोन केला होता."

"हो."

"ही आत सलाईनवर होती."

"हो."

"मी म्हटलं, मधे काच उघडी राहिली. तुम्ही म्हणालात, आता राहू देऊ नका."

"म्हणालो," आण्णा म्हणाले. त्यांनी पुढं काही जोडलं नाही. बैठक, दहा माणसं, यातलं काहीच काढलं नाही. याबद्दल मी आजही त्यांना मानते.

"माझ्या सख्ख्या भावाशी मी बोलत नाही, हे तुम्हाला माहीत आहे," मामा म्हणाले.

"माहीत आहे. म्हणूनच जीभ रेटली नाही."

मामांनी मागे माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. मला वाटतं, ते मोजत होते की हा माणूस तोडला तर सोबत काय काय तुटेल. मग ते डिकीकडे गेले, पेट्रोलचा कॅन काढला, बॉनेट उघडून टाकीत ओतलं आणि परत येऊन आपल्या जागी बसले. नखानं एसीवरची पट्टी उचकटली. तिचा चिकट डाग बटणावर तसाच राहिला. गार वारा सुटला आणि त्यात आम्ही तिघं अवघडून बसलो.

"फाट्यावर दोघं हार घेऊन बसलेत," मामा म्हणाले. "मी एक शब्द बोलणार नाही. तुमचं तुम्ही बघा."

फाट्यावर हॉटेलसमोर तुपे गुरुजी रस्त्यातच उभे होते. गाडी आपल्या पायानं चालत आलेली बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या. कोळेकर हार घेऊन पुढे झाले. आण्णा खाली उतरले, हात जोडले आणि म्हणाले, "हार घालू नका. चौदावर बंद पडली. आणि माझी तेरा देते. बावीस मी खोटं सांगितलं होतं."

मी डोळे मिटून घेतले. आता काय ऐकावं लागेल याची मी महिनाभर धास्ती घेतली होती. पण जे ऐकू आलं ते हसणं होतं. तुपे गुरुजी बाकड्यावर बसून हसत होते.

"अहो, मग त्यात काय एवढं? माझी बारा देते, मी अठरा सांगतो. जावयाला तर वीस सांगितलेत."

"माझी मोटारसायकल साठ देते," कोळेकर म्हणाले, "म्हणजे पंचेचाळीस."

घरोघरी मातीच्या चुली निघाल्या. हार वाया कशाला म्हणून कोळेकरांनी तो गाडीच्याच तोंडाला बांधला. चहा झाला. मामाही ओठांच्या कोपऱ्यातून हसले, आणि चष्मा न पुसता त्यांनी आण्णांकडे बघून एक कप पुढे सरकवला. इतके दिवस ज्या अब्रूला आण्णा ताडपत्रीखाली झाकून बसले होते, ती घ्यायला कुणी आलंच नाही. परत येताना त्यांची पाठ सैल झाली होती. आटपाडीच्या बाजूनं ढग दिसतायत का वगैरे दोघं बोलू लागले. मलाही वाटलं, सुटलो.

घरी पंगती चालू होत्या. मामा पाहुण्यांत गेले. मी आण्णांना माजघरात पान मांडलं. आत्या स्वतः वाढायला आल्या. आण्णा ताटावर बसले, पण त्यांनी घास उचलला नाही.

"विहीणबाई," ते म्हणाले, "तुम्हालाही सांगायला हवं. खरं तर आधी तुम्हालाच. गाडी बावीस देते म्हणालो होतो ते खोटं होतं. तुमचे हाल माझ्यामुळे झाले."

फाट्यावर जमलं होतं म्हणून असेल, त्यांचा आवाज चांगला धीट होता. आत्यांनी पळी पातेल्यात ठेवली.

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या.

आण्णांनी वर बघितलं.

"संक्रांतीला विहीणबाई वाण घ्यायला आल्या व्हत्या नव्हं. बोलता बोलता बोलून गेल्या, तेरा देती म्हनून. तवापासनं ठाऊक हाय."

संक्रांत जानेवारीत. विट्याचं सलाईन एप्रिलमध्ये. मी मनात महिने मोजले आणि मला आत्यांचा तो हात आठवला, माझा हात धरणारा. त्यांना गार वाऱ्यानं खोकला येत नव्हता. कधीच आला नव्हता.

"मग बोलला का नाहीत?" आण्णांचा आवाज आता पार बसला होता.

"कुनाला बोलू? ह्यांच्या कानावर घातलं असतं तर ह्यांनी भावासारखं तुमालाबी सोडलं असतं. पोर नवी घरात आलेली. पयल्याच वर्साला तिच्या बापाला खोटं पाडायचं, आन मग तिनं हितं मान वर करून कसं वावरायचं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पदरानं कपाळ पुसलं. "उनाचं काय, सोसतं."

"मला सांगायचं," आण्णा म्हणाले. "मला एकट्याला सांगितलं असतंत तर..."

"तुमी सांगशिला म्हनून वाट बघत व्हते," आत्या म्हणाल्या.

त्या रागानं म्हणाल्या नाहीत. टोमणाही नव्हता त्यात. साधं, जसं होतं तसं सांगितलं. फाट्यावर हसून सुटलेल्या माझ्या बापाचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी पाहिलं आहे आणि ते मला कुणाला सांगता येणार नाही. त्यांची मान खाली गेली ती वर आलीच नाही. माझीही तशीच. त्या एका बाईसमोर आम्ही बापलेक चोरासारखे बसलो होतो आणि ती आमच्यावर रागावतही नव्हती.

"जेवा आता," त्या म्हणाल्या. "रस्सा निवतोय."

आण्णांनी भाकरी मोडली. ते जेवू लागले. ताटातलं संपत आलं की आत्या वाढत. एरवी दीड भाकरीचा माणूस, दुसऱ्यांदा वाढायच्या आतच हात आडवा धरायचा. त्या दिवशी त्यांना पुरे म्हणायचा धीर झाला नाही. आत्या वाढत गेल्या, आणि आण्णा खाली मान घालून खात गेले.